पर्वत, हिम आणि पाणी
(गुलमर्गच्या अफरवट पर्वताचे उदाहरण व भंडारा जिल्ह्यातील टेकड्या)

प्राथमिक शाळेत पर्वताचा पाठ सुरू झाला की भिंतीवरच्या चित्रात बहुधा पांढऱ्या शिखराचा डोंगर दिसतो. भंडारा जिल्ह्यातील मुलाने तसा डोंगर पाहिलेला नसतो. त्याच्या ओळखीचा डोंगर म्हणजे अंबागडची टेकडी, गायखुरीची रांग किंवा कोक्याच्या जंगलातील चढ होय. त्यावर साग, मोह, तेंदू व बांबू असतात. उन्हाळ्यात तो तपकिरी आणि श्रावणात हिरवा होतो, परंतु पांढरा कधीच होत नाही. मुलाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो की, चित्रातील डोंगरावर बर्फ पडते, तर गावाजवळच्या डोंगरावर का पडत नाही?

हा प्रश्न मोलाचा आहे. त्याचे उत्तर 'तो प्रदेश थंड आहे' एवढ्यावर संपविले, तर हवामान शिकविण्याची एक चांगली संधी वाया जाते. उंची, अक्षांश आणि वाऱ्यातील ओलावा या तीन गोष्टी मिळून डोंगराचे हवामान घडवितात. आणि डोंगराच्या हवामानावर खालच्या प्रदेशाची शेती व पिण्याचे पाणी अवलंबून राहते. हिमाच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेला काश्मिरातील गुलमर्गचा डोंगर आणि आपल्या जिल्ह्यातील टेकड्या यांची तुलना केली असता हे मर्म मुलांच्या ध्यानी सहज येते.

बर्फ, गारा आणि हिम

मराठीत 'बर्फ' हा एकच शब्द अनेक वस्तूंना लावला जातो. त्यामुळे पाठाच्या आरंभीच या वस्तू निरनिराळ्या करून दाखविणे इष्ट होय. शीतपेटीत गोठलेले पाणी किंवा यात्रेत किसून मिळणारा बर्फाचा गोळा हे घट्ट गोठलेले पाणी होय. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास वादळी ढगांतून पडतात त्या गारा. वर चढणाऱ्या जोरदार वाऱ्याने पाण्याचे थेंब ढगाच्या अतिशीत भागात नेले जातात, तेथे ते गोठतात, त्यांवर बर्फाचे थर चढतात आणि जड झाल्यावर ते खाली आदळतात. म्हणूनच गारा उन्हाळ्याच्या तोंडाशी, जमीन तापलेली असतानाही पडतात. गार पडली याचा अर्थ जमिनीवरील हवा गोठण्याइतकी थंड आहे, असा होत नाही.

तिसरा प्रकार गोठलेल्या दवाचा. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या निरभ्र रात्री गवतावरचे दव गोठून पांढरे होते आणि वर्तमानपत्रांत 'महाबळेश्वरी बर्फ' अशी बातमी येते. ते आकाशातून पडलेले नसते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. थंड व म्हणून जड झालेली हवा उतारावरून सखल जागी येऊन साचते आणि तेथील दव गोठते.

चौथा प्रकार म्हणजे खरे हिम. ढगातील बाष्प पाण्याचा थेंब न होता थेट स्फटिकरूप घेते, हे स्फटिक एकमेकांना चिकटून त्यांचे कापसासारखे हलके पुंजके होतात, आणि ढगापासून जमिनीपर्यंतची हवा पुरेशी थंड असेल तरच ते न वितळता भूमीवर येऊन पडतात. पुढील विवेचनात 'हिम' हा शब्द या चौथ्या प्रकारासाठीच वापरला आहे.

उंचीबरोबर थंडी का वाढते?

डोंगरावर चढणारा मनुष्य सूर्याच्या जवळ जातो, मग तेथे ऊन अधिक तापावयास हवे, असा तर्क मुले करतात. सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यापुढे चार किलोमीटर उंचीचा डोंगर म्हणजे काहीच नव्हे. खरे कारण असे की, सूर्यकिरणांनी हवा थेट फारशी तापत नाही. प्रथम जमीन तापते आणि मग जमिनीच्या स्पर्शाने हवा तापते. तापलेली हवा वर जाऊ लागली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरताना थंड होते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाची नळी गरम लागते आणि चाकाची हवा सोडताना बाहेर पडणारी हवा बोटाला गार लागते. दाबली की हवा तापते व पसरली की निवते, हे या साध्या अनुभवातून दाखविता येते.

सर्वसाधारणपणे दर १००० मीटर चढावर तापमान सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. हे प्रमाण ऋतू व हवेतील ओलावा यांप्रमाणे बदलते, तथापि हिशोबास ते पुरेसे आहे. भंडारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरांवर आहे आणि अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा सुमारे १११८ मीटरांवर. दोहोंच्या उंचीतील फरक सुमारे ८७० मीटर, म्हणजे तापमानातील फरक साडेपाच ते सहा अंश. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४४ अंशांवर असताना चिखलदऱ्यास तो ३८ अंशांच्या आसपास असावा, असे या हिशोबाने निघते. विदर्भातील मंडळी उन्हाळ्यात तेथे का जातात आणि तेथे कॉफीची झाडे का वाढतात, याचे एक उत्तर या वजाबाकीत आहे.

याच रीतीने मुलांना एक गमतीचे पण उद्बोधक उदाहरण घालता येईल. भंडाऱ्यात हिम पडावे यासाठी येथे किती उंच डोंगर असावयास पाहिजे? जानेवारीत येथील सरासरी तापमान सुमारे २० अंश धरले, तर ते शून्यावर यावयास २० भागिले ६.५, म्हणजे सुमारे ३.१ किलोमीटर चढावे लागेल. त्यात पायथ्याची २५० मीटर उंची मिळविली की उत्तर येते सुमारे ३३०० मीटर. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे हिमासाठी त्याच्या दुप्पट उंचीचा डोंगर लागेल. जिल्ह्यातील टेकड्या तर हजार मीटरही गाठीत नाहीत. त्या पांढऱ्या का होत नाहीत, याचा अर्धा उलगडा येथे झाला.

केवळ थंडी पुरत नाही

उरलेला अर्धा उलगडा ओलाव्याचा आहे. समजा, भंडाऱ्याजवळ ३३०० मीटरांचा डोंगर असता, तरी त्यावर हिमाचे जाड थर साचले नसते. कारण या भागात पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडतो. बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे तो मुख्यतः घेऊन येतात. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान १३०० मिलिमीटरच्या आसपास असले, तरी त्यातील बहुतेक भाग या चार महिन्यांतच पडून जातो. हिवाळ्यात वारे जमिनीवरून येतात व कोरडे असतात. ज्या महिन्यांत थंडी असते त्यांत ओलावा नसतो आणि ज्यांत ओलावा असतो त्यांत थंडी नसते. हिमासाठी थंडी व ओलावा यांची एकाच वेळी गाठ पडावी लागते.

डोंगर वाऱ्यातील ओलावा कसा काढून घेतो, याचा नमुना सह्याद्रीत दिसतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीवर चढतात, चढताना थंड होतात आणि आपले पाणी टाकून देतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तेथून २० किलोमीटरही दूर नसलेल्या पाचगणीस त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो आणि वाईस त्याहून कमी. डोंगराच्या वाऱ्याकडील बाजूस पाऊस आणि पलीकडील बाजूस पर्जन्यछाया, हा नियम हिमालाही लागू आहे.

गुलमर्ग आणि अफरवट

आता काश्मिराकडे वळावे. गुलमर्ग हे बारामुल्ला जिल्ह्यातील ठिकाण पीर पंजाल पर्वतरांगेच्या ईशान्येकडील उतारावर, सुमारे २६५० मीटर उंचीवर वसले आहे. 'मर्ग' म्हणजे डोंगरातील गवताळ माळ. चोहोंकडे देवदार व इतर सूचिपर्णी वृक्षांची अरण्ये आणि मध्ये परातीसारखा पसरलेला कुरणाचा सपाट प्रदेश, अशी त्याची रचना आहे. या माळाच्या माथ्यावर अफरवट हा पर्वत उभा असून त्याचे शिखर ४००० मीटरांहून उंच आहे.

गुलमर्ग सुमारे ३४ उत्तर अक्षांशावर आहे, तर भंडारा सुमारे २१ अंशांवर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे गुलमर्ग भंडाऱ्याच्या उत्तरेस चौदाशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर येते. भंडारा कर्कवृत्ताच्या आत आहे व गुलमर्ग बाहेर. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही भंडाऱ्यास सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो, तर गुलमर्गला तो सुमारे ३२ अंशच वर चढतो. तिरपे किरण अधिक जागेवर पसरतात आणि कमी तापवितात. उंची व अक्षांश या दोन्ही कारणांनी तेथील हिवाळा कडक होतो आणि जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते.

तेथे थंडीबरोबर ओलावाही येतो, हे विशेष होय. नैर्ऋत्य मोसमी पावसाला पीर पंजालची रांग आडवी येते व तिचा बराचसा जोर दक्षिणेकडील उतारावर खर्ची पडतो. काश्मीर खोऱ्याचे मुख्य पाणी हिवाळ्यात दुसऱ्याच दिशेने येते. डिसेंबरपासून मार्चपर्यंत भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान ओलांडून हवेचे ओलसर भोवरे पूर्वेकडे सरकत येतात. हवामानशास्त्रात त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. ते हिमालयाच्या पश्चिम भागावर चढले की खोऱ्यात पाऊस आणि उंचावर हिम पडते. अफरवटावर थंडी व ओलावा यांची गाठ पडते ती अशी.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून सांगावी. हेच पश्चिमी विक्षोभ कधीकधी अधिक दक्षिणेपर्यंत प्रभाव दाखवितात. बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या दमट वाऱ्यांशी त्यांचा मेळ झाला, तर विदर्भात हिवाळ्याच्या अखेरीस अवकाळी पाऊस व गारपीट होते आणि शेतातील लाखोळी, हरभरा, गहू आडवे होतात. गुलमर्गला हिम देणारा वारा आणि भंडाऱ्याच्या रब्बीवर गारा टाकणारा वारा हे एकाच कुळातले असू शकतात. दूरच्या प्रदेशाचा भूगोल आपल्या बांधापर्यंत पोहोचतो, हे यावरून मुलांस कळेल.

एकाच डोंगरावरील अनेक हवामाने

गुलमर्गच्या माळावरून अफरवटाच्या अंगावर रज्जुमार्ग गेला आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये व दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. पहिला टप्पा कोंगडुरी येथे सुमारे ३१०० मीटरांवर आणि दुसरा अफरवटाच्या खांद्यावर सुमारे ३९८० मीटरांवर पोहोचतो. म्हणजे पाळण्यात बसलेला प्रवासी १३०० मीटरांहून अधिक चढतो. ६.५ अंशांच्या हिशोबाने खाली पारा शून्यावर असेल, तर वर तो उणे ८ ते ९ अंशांवर असला पाहिजे.

या चढावर वनस्पतींचे पट्टे बदलत जातात. खाली सूचिपर्णी वृक्षांची दाट अरण्ये. त्यांच्या वर भूर्जवृक्षांची विरळ झाडी. त्याहून वर वृक्ष वाढत नाहीत, केवळ झुडपे व गवत. आणि शेवटी खडक व हिम. ज्या उंचीवर वृक्ष संपतात तीस 'वृक्षरेषा' म्हणतात. सूचिपर्णी वृक्षांचा आकार शंकूसारखा व फांद्या खाली झुकलेल्या असल्यामुळे हिमाचा भार घसरून पडतो. आपल्याकडील साग उन्हाळ्यात पाणी वाचविण्यासाठी पाने टाकतो, तसाच हा निसर्गाचा एक बंदोबस्त होय.

ऋतूंचा क्रमही वेगळा. काश्मिरात २१ डिसेंबरपासून पुढील ४० दिवसांच्या कडक थंडीस 'चिल्लई कलान' असे नाव आहे. त्यानंतर २० दिवसांची 'चिल्लई खुर्द' व १० दिवसांची 'चिल्लई बच्चा' येते. आपल्याकडे शेतकरी मृग, आर्द्रा अशी पावसाची नक्षत्रे मोजतात, तद्वत तेथील लोक थंडीचे दिवस मोजतात. चिल्लई कलानमध्ये पडलेले हिम घट्ट बसते व टिकते. फेब्रुवारीच्या अखेरीस उशिरा पडलेले हिम लवकर वितळून जाते. मार्च-एप्रिलपासून खालचे हिम वितळू लागते आणि उन्हाळ्यात माळावर फुले येतात. शिखराजवळच्या अलपथर सरोवरात मात्र जूनपर्यंतही बर्फ आढळते.

या रचनेमुळेच गुलमर्ग हे बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे भारतातील प्रमुख केंद्र झाले. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून हिमाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या या खेळास 'स्की' म्हणतात. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लबची स्थापना केली. माळावरचा सौम्य उतार नवशिक्यांना उपयोगी पडतो, तर अफरवटाचा तीव्र उतार निष्णातांना. उतार ईशान्येकडे असल्याने दुपारचे तापते ऊन कमी लागते व हिम टिकते. 'खेलो इंडिया' हिवाळी क्रीडास्पर्धा २०२० पासून येथे भरत आल्या आहेत.

हाच उतार धोक्याचाही आहे. जुन्या घट्ट थरावर नव्या हिमाचा जाड थर बसला आणि त्यांचा सांधा कच्चा राहिला, तर सबंध थर एकाएकी सुटून खाली धावतो. यास 'हिमस्खलन' म्हणतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटावरील अशा हिमस्खलनात दोन परदेशी खेळाडू मरण पावले. नदीकाठच्या गावाने पुराची खूण ओळखावी लागते, तशीच डोंगरावरील माणसाने हिमाची खूण ओळखावी लागते.

हिम म्हणजे साठविलेले पाणी

खेळ व प्रवास हे हिमाचे वरवरचे उपयोग झाले. त्याचे खरे मोल पाणी साठविण्यात आहे. ताजे हिम पोकळ असते. सुमारे १० सेंटिमीटर हिम वितळले म्हणजे १ सेंटिमीटर पाणी होते. भंडाऱ्यात वर्षभरात पडणारा १३०० मिलिमीटर पाऊस ताज्या हिमाच्या रूपाने पडला असता, तर त्याचा थर १३ मीटर, म्हणजे चार मजली घराएवढा उंच झाला असता.

पाऊस पडताक्षणी वाहू लागतो. हिम पडल्या जागी थांबते. जानेवारीत पडलेले पाणी ते एप्रिल, मे, जूनपर्यंत धरून ठेवते आणि शेताला गरज लागते त्या वेळी थोडे थोडे सोडते. अफरवटावरचे हिम वितळून निंगल नाल्यासारखे ओढे वाहतात व झेलम नदीस मिळतात. त्यामुळे वसंतात व उन्हाळ्याच्या आरंभी झेलम भरून वाहते. आपली वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिच्या उगमाशी हिम नाही. ती ऑगस्टमध्ये दुथडी भरते आणि मे महिन्यात तिच्या पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तिला आलेल्या महापुराने भंडारा शहराचा बराच भाग पाण्याखाली गेला होता. चार महिन्यांत मिळालेले पाणी बारा महिने पुरवावयाचे, हा या प्रदेशापुढचा जुना प्रश्न आहे.

आपल्या टेकड्यांचे काम

हिम नाही, म्हणून या जिल्ह्याच्या टेकड्या निरुपयोगी आहेत काय? मुळीच नाही. तुमसर तालुक्यात सातपुड्याचा फाटा असलेल्या अंबागडच्या टेकड्या आहेत. तेथील किल्ला देवगडच्या गोंड राज्याच्या काळचा. गोंदिया जिल्ह्याच्या सीमेकडे गायखुरीची रांग असून साकोली-लाखांदूर भागातून वाहणारी चुलबंद नदी तिच्या बाजूनेच येते. भंडारा तालुक्यात कोक्याचे अरण्य आहे. त्यास २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. या टेकड्या उंच नाहीत, परंतु त्यांच्यावर जंगल आहे. पानांमुळे पावसाच्या थेंबाचा मार मोडतो, पडलेला पाला पाणी शोषतो, मुळांच्या वाटेने ते जमिनीत उतरते आणि पुढे झऱ्यांच्या व नाल्यांच्या रूपाने सावकाश बाहेर पडते. अफरवटावर जे काम हिम करते, त्यातील काही काम येथे रान करते.

उरलेले काम माणसांनी केले. टेकड्यांच्या पायथ्याशी जेथे नाले सपाटीवर येतात, तेथे मातीची पाळ घालून तलाव बांधण्याची विद्या या भागात शतकांपूर्वीच सिद्ध झाली. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी जमिनीचा उतार ओळखून असे तलाव बांधले. पुढे ते 'मालगुजारी तलाव' या नावाने ओळखले जाऊ लागले आणि भंडारा हा 'तलावांचा जिल्हा' म्हणून प्रसिद्ध झाला. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून सुटलेले पाणी खालच्या तलावात व बोड्यांत येते आणि तेथून पाटाने धानाच्या बांध्यांत जाते. सप्टेंबरात पावसाने ओढ दिली व धान निसवण्याच्या वेळी पाणी लागले, तर हेच तलाव पीक वाचवितात. भारतात हिमाच्या रूपाने पाणी साठविण्याचे भाग्य हिमालयास लाभले. या जिल्ह्याने ती उणीव मातीच्या पाळीने भरून काढली, असे म्हणावयास हरकत नाही.

दोन्ही साठ्यांवरील संकट

हे दोन्ही साठे आज पूर्वीइतके निर्धोक राहिलेले नाहीत. हवा तापत चालल्यामुळे हिमाची ऋतुमर्यादा डळमळू लागली आहे. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलानात, गुलमर्गचा माळ जवळजवळ उघडा व तपकिरी राहिला. हिम उशिरा आले. २०२५ मध्ये हिम अपुरे असल्याने 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. स्पर्धा पुढे ढकलता येते. वितळणाऱ्या हिमावर वाहणारा पाट पुढे ढकलता येत नाही. ज्या वर्षी हिवाळ्यात हिम कमी पडते, त्या वर्षी उन्हाळ्यात ओढे लवकर आटतात.

भंडारा जिल्ह्यातील संकट वेगळ्या वाटेने येते. टेकडीवरचे रान तुटले की पावसाचे पाणी माती घेऊन धावते आणि ती माती तलावात बसते. गाळाने तलाव उथळ झाला की बाहेरून तो भरलेला दिसतो, पण त्यात पाणी थोडे असते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे आले. पाळ राखणे, पाट साफ करणे, गाळ काढणे ही जी कामे गाव एकत्र येऊन करीत असे, ती अनेक ठिकाणी मागे पडली. हिम पाडणे कोणाच्या हाती नाही. परंतु तलावातील गाळ काढणे व टेकडीवरचे झाड राखणे हे माणसाच्या हाती आहे. तुलनेअंती हाच मुद्दा मुलांच्या मनावर ठसावा.

वर्गात व परिसरात करावयाचे काम

१. तापमानाचा हिशोब : वर दिलेल्या रीतीने भंडारा, चिखलदरा, महाबळेश्वर, गुलमर्ग व अफरवट यांच्या उंचीचा स्तंभालेख मुलांकडून काढवून घ्यावा आणि भंडाऱ्याच्या तुलनेत केवळ उंचीमुळे प्रत्येक ठिकाणी तापमान किती उतरेल ते काढावे. गुलमर्गच्या बाबतीत अक्षांशाचाही परिणाम होतो, हे त्याच वेळी सांगावे.

२. हिम व पाणी : एका पेल्यात किसलेला बर्फ न दाबता भरावा व पातळीवर खूण करावी. तो वितळल्यावर पाण्याची पातळी कोठे येते ते मुलांनी पाहावे. ताजे हिम किसलेल्या बर्फाहूनही पोकळ असते, हे सांगून त्याचे पाणी याहून कमी होईल हे समजावून द्यावे.

३. दोन उतार : दोन पाट्या किंवा तगारी सारख्याच तिरप्या ठेवाव्यात. एकीत उघडी माती व दुसरीत गवताचे ढेप किंवा पालापाचोळ्याने झाकलेली माती भरावी. दोहोंवर झारीने सारखेच पाणी घालून खाली येणारे पाणी भांड्यात धरावे. कोठले पाणी आधी आले, कोठले गढूळ आहे, कोठले उशिरापर्यंत ठिबकत राहिले, याची नोंद मुलांनी आपल्या शब्दांत करावी.

४. गावच्या तलावाचा नकाशा : शाळेच्या गावी किंवा शेजारी असलेल्या एका तलावास भेट द्यावी. पाणी कोणत्या टेकडीकडून येते, पाळ कोठे आहे, सांडवा कोणत्या बाजूस आहे, पाट कोणाच्या शेताकडे जातो, हे मुलांनी चालत जाऊन पाहावे व नकाशात दाखवावे. तलाव पूर्वी किती खोल होता, हे गावातील वडीलधाऱ्यांना आदराने विचारून लिहून घ्यावे. पाण्याजवळ मुलांना एकटे सोडू नये.

५. पावसाची नोंद : सरळ उभ्या भिंतींचा व सपाट तळाचा डबा उघड्या जागी ठेवून रोज सकाळी ठरावीक वेळी पाण्याची उंची पट्टीने मोजावी. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हा हिशोब वरच्या वर्गांना द्यावा. शाळेच्या मैदानावर एका दिवसात किती पाणी पडले, हे मुलांनी स्वतः काढले म्हणजे तेराशे मिलिमीटर हा आकडा त्यांना केवळ पाठ करावा लागणार नाही.

नोंदवह्या वर्षअखेर जपून ठेवाव्यात व पुढील वर्षीच्या वर्गाला द्याव्यात. एका वर्षाच्या नोंदीने हवा कळते. अनेक वर्षांच्या नोंदींनी हवामान कळते. जिल्ह्यातील एकेका शाळेत अशी दहा-वीस वर्षांची वही तयार झाली, तर गावच्या तलावाविषयी निर्णय घेताना ग्रामसभेलाही तिचा उपयोग होईल.